व्हर्नाची जीभ

व्हर्ना ब्लुमरला चीज खाववत नाही, हे एल्म हॉलो गावात एकतीस वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. आवडत नाही एवढंच असतं तर निभावलं असतं. चीजचा वास नाकात शिरला की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, पण ते ओकारीच्या आधी सुटतं तसलं. लहानपणी उत्तरेकडे डलूथला, रेल्वेच्या वसाहतीत राहत असताना, आईने तिला दोनदा जबरदस्तीने चीज सँडविच खाऊ घातलं आणि दोन्ही वेळा स्वयंपाकघराची फरशी पुसली. तिसऱ्यांदा आई त्या वाटेला गेली नाही. घरात तो विषय तिथेच मिटला.

अशा मुलीला शिक्षिकेची नोकरी मिळाली ती विस्कॉन्सिनच्या दक्षिणेला. या भागात दर दोन-तीन मैलांवर चीजचा एक कारखाना, आणि प्रत्येक कारखान्यावर कुठल्या तरी स्विस घराण्याचं आडनाव. पहिल्याच महिन्यात, शुक्रवारच्या फिश फ्रायला, म्हणजे तळलेल्या माशांच्या जेवणाला, गावातल्या बारमध्ये तिच्या टेबलाशी एक पंचविशीतला तरुण येऊन उभा राहिला. कान लालबुंद, हातात कागदी पिशवी.

"सकाळीच केलंय," तो म्हणाला. "अजून कोमट आहे. दाताखाली कुईकुई वाजतं बघ. खा ना."

हा रुडी ब्लुमर, गावातल्या चीज कारखान्याच्या घरातला. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या होत्या आणि हात वाफेने सोलवटल्यासारखे गुलाबी होते. व्हर्नाला तो बघताक्षणीच आवडला. तिने पिशवीतला सगळ्यात लहान तुकडा उचलला, श्वास रोखला आणि बिअरच्या घोटाबरोबर अख्खाच्या अख्खा गिळून टाकला.

"कसं आहे?"

"मस्त," ती म्हणाली.

एवढंच. एक शब्द. पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं.

लग्नानंतर तिने गिळण्याची कला आत्मसात केली. श्वास बंद, तुकडा जिभेच्या मागच्या बाजूला, लगेच कॉफीचा घोट किंवा लोणच्यातली काकडी. सासू, जिला सगळं गाव मा ब्लुमर म्हणायचं, तिने पहिल्या ख्रिसमसला सगळ्यांसमोर जाहीर केलं, "उत्तरेकडची असली तरी पोरगी आपल्यातली आहे हो. बघा कशी मान खाली घालून खाते." रुडीचे कामाचे कपडे ती घराबाहेर दोरीवर दिवसभर वाळवून मगच आत आणायची. मूलबाळ झालं नाही. दोघांचाच संसार होता आणि तसा सुखाचा होता. रुडी बोलका, हसरा, तिच्यावर जीव टाकणारा. दरवर्षी जूनमध्ये, गाई नव्या गवतावर सुटल्या की त्या दुधाचं जे पहिलं चीज तयार होई, त्याचा पहिला तुकडा तो सुरीच्या टोकावर तिच्यासाठी घरी आणायचा. ती डोळे मिटून तो गिळायची. डोळे मिटले म्हणजे तिला चव लागली, असं रुडी धरून चालायचा आणि दिवसभर शीळ वाजवत फिरायचा.

त्यांच्या लग्नाला तीस वर्षं होत आली त्या जानेवारीत, दुधाचा टँकर लागतो त्या धक्क्यावर, रुडी बर्फावरून घसरला आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर आदळला. चार टाके पडले. दोन दिवस डोकं ठणकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कपात बघत म्हणाला, "आज कॉफी घालायला विसरलीस की काय? नुसतं गरम पाणी लागतंय."

"नेहमीसारखीच केलीय."

तो उठला आणि कारखान्याच्या तळघरात गेला, चीज मुरायला ठेवत तिथे. तासाभराने परत आला तेव्हा अंगावरचा कोट काढायचं भानही त्याला नव्हतं.

"व्हर्ना, मला वास येत नाहीये."

"सर्दी असेल."

"सर्दी नाही. तळघरात वास येत नाहीये मला. चीजची साठ चाकं आहेत तिथे. मी नाक लावलं, खाल्लं. रबर चघळल्यासारखं वाटलं."

मॅडिसनच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, नाकाकडून मेंदूकडे जाणारे बारीक धागे मार लागला की तुटतात. वर्षभरात परत आलं तर आलं. नाही तर नाही. परतीच्या पन्नास मैलांच्या अर्ध्या वाटेवर रुडीने तोंड उघडलं. "हे कुणाला कळता कामा नये."

"लेस्टरला तरी सांगावं लागेल," व्हर्ना म्हणाली. लेस्टर म्हणजे कारखान्यातला जुना कामगार, मा ब्लुमरच्या काळापासूनचा.

"लेस्टरला? त्यापेक्षा चर्चची घंटा बडवून सांगतो की! ज्याला नाक नाही त्याच्याकडे दूध कोण घालणार? उद्या सगळे शेतकरी नदीपलीकडच्या कारखान्यात जातील." मग तो गाडी चालवता चालवता तिच्याकडे वळला. "आणि तू आहेस ना. तीस वर्षं माझं पहिलं चीज तूच चाखतेस. माझ्याखालोखाल गावात कुणाला जीभ असेल तर ती तुला."

सांगायचं असतं तर ते तेव्हा. व्हर्नाने तोंड उघडलंही. पण रुडीच्या हनुवटीखालची शीर उडत होती. तीस वर्षांत त्याला घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि आत्ताच, या क्षणी, त्याच्या हातातली शेवटची काठीही काढून घेणं तिच्याने होईना.

"बरं," ती म्हणाली.

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवारी, लेस्टर जेवायला घरी गेला की दोघं तळघरात उतरायची. फळ्यांवर चीजची मोठी मोठी चाकं मांडलेली. रुडी चाकात पोकळ सळी खुपसायचा, फिरवून बाहेर काढायचा, आतली कांडी मोडून तिच्या हातावर ठेवायचा.

"कडू?"

"नाही."

"आंबूस?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती? गेल्या खेपेसारखं?"

"हो. तसंच."

ती चीजची नाही, रुडीच्या चेहऱ्याची चव घेत होती. त्याला जे ऐकायचं असेल ते त्याच्या भुवयांवरून कळायचं आणि ती तेच सांगायची. वर आल्यावर ती धुलाईच्या खोलीमागे जाऊन बर्फात ओकायची आणि बुटाने बर्फ लोटून झाकायची. मार्चपर्यंत तिचे स्कर्ट कमरेवरून घसरायला लागले.

"दमतेस तू फार," रुडी म्हणायचा.

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. एका शनिवारी तिने शेजारच्या गावातल्या दुकानातून चार तऱ्हेची चीज विकत घेतली. एक स्वस्तातलं, एक मधल्या भावाचं, एक भारी आणि एक मुद्दाम निवडलेलं शिळं, सवलतीच्या टोपलीतलं. गाडी मक्याच्या रिकाम्या शेताकडे नेली, काचा वर केल्या, आणि एकेक तुकडा तोंडात धरून फरक शोधत बसली. अक्षरओळख नसलेल्या माणसासमोर दोन चिठ्ठ्या ठेवाव्यात तसं झालं. चारही तुकड्यांचा एकच वास, तान्ह्या मुलाच्या लाळेऱ्यावर सुकलेल्या दुधाचा. तिला चांगलं-वाईट असं काही लागतच नव्हतं. सगळं सारखंच असह्य लागत होतं. तिने दार उघडून ते बाहेर थुंकलं आणि गाडी घराकडे वळवली.

कधी कधी ती लेस्टरला आडून विचारायची, "सोमवारचं कसं झालंय रे?"

"मला काय विचारतेस? मी मीठ कमी की जास्त एवढं सांगणारा माणूस. बाकी मालकाचं नाक."

काही महिने सगळं ठीक चाललं, कारण दूध चांगलं होतं आणि लेस्टरचा हात बसलेला होता. मग जून आला. एका शेतकऱ्याने गोठ्यात दूध काढायची नवी नळी बसवली होती. तिच्यात कुठे तरी हवा शिरत होती आणि दूध आतल्या आत घुसळून त्यातलं लोणी खराब होत होतं. हे त्या शेतकऱ्यालाही पुष्कळ उशिरा कळलं. तोवर जूनभर ते दूध सगळ्यांच्या दुधात मिसळून कढईत गेलं होतं.

सप्टेंबरात लेस्टर स्वयंपाकघराच्या दाराशी आला. टोपी काढून काखेत धरलेली, तळहातावर एक तुकडा.

"व्हर्ना, हे जूनच्या मालातलं. मला आपलं... साबण चावल्यासारखं लागतंय. रुडीने चाखलंय का हे?"

रुडीने चाखलं होतं. पण दाखवण्यापुरतं. आता ती नाही म्हणाली तर रुडीचं बिंग फुटणार होतं.

"चाखलंय," ती म्हणाली. "त्याला ठीक वाटलं."

"मग माझीच जीभ म्हातारी झाली म्हणायची," लेस्टर हसला, तुकडा तोंडात टाकला आणि निघून गेला.

पण या वेळी निदान तिच्या हातात एक शब्द आला होता. साबण. शुक्रवारी तळघरात उतरताना ती मनाशी तो घोकत होती. रुडी त्या दिवशी खुशीत होता. जूनचा माल म्हणजे त्याचा अभिमान. मिलवॉकीचा व्यापारी मिल्ट आपल्या दुकानासाठी दरवर्षी हाच माल उचलायचा. रुडीने सळी खुपसली, कांडी काढली आणि स्वतःच डोळे मिटून घेतले.

"गवत लागेल बघ आधी. मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी. सांग."

तिने गिळलं. "रुडी, थोडं साबणासारखं लागतंय का रे?"

त्याचे डोळे उघडले. "साबण? जूनच्या दुधाला?" तो हसला, पण ते हसणं नव्हतं, ती विनवणी होती. "आत्ताच भांडी घासून आलीस ना? हाताचा असेल."

तिने आपले हात पाहिले. "हो," ती म्हणाली. "हाताचाच असेल."

पुढच्या आठवड्यात माल मिलवॉकीला गेला.

ऑक्टोबरच्या मध्यावर मिल्ट स्वतः आला. वीस वर्षांत तो कधी न कळवता आला नव्हता. ट्रकच्या मागे दोन चाकं होती. त्याने ती लेस्टरच्या मदतीने उतरवून कारखान्यातल्या लाकडी मेजावर ठेवली, एक कापलं आणि तुकडा रुडीपुढे धरला.

"खाऊन बघ."

रुडीने खाल्लं. सावकाश चावलं, गिळलं. "काय झालंय याला?"

मिल्टने लेस्टरकडे पाहिलं, मग परत रुडीकडे. "थट्टा करतोयस का माझी?"

"थट्टा कसली? काय झालंय ते तू सांग."

"रुडी, लोकांनी दुकानात आणून माझ्या अंगावर फेकलंय हे. साबण आहे हा साबण! आणि तू मला विचारतोस काय झालंय?"

"व्हर्ना!" रुडीने हाक मारली. ती पलीकडच्या खोलीत लेबलं चिकटवत होती. "इकडे ये जरा. हिला विचार मिल्ट. माझ्यावर विश्वास नसेल तर हिला विचार."

ती आली. रुडीने सुरीच्या टोकावर तुकडा घेऊन तिच्यापुढे धरला. तिघे पुरुष तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिने नेहमीसारखा श्वास रोखला. पण हाताशी कॉफी नव्हती, पाणी नव्हतं, आणि तो तुकडा घशाशी जाऊन अडून बसला. खाली जाईना. ती फरशीतल्या मोरीकडे धावली आणि गुडघ्यांवर बसून भडाभडा ओकली.

"बघ," मिल्ट हळू आवाजात म्हणाला. "तुझ्या बायकोच्यानेही गिळवत नाही."

रुडीने सुरी मेजावर ठेवली. मिल्ट त्याच्याकडे एकटक पाहत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. "रुडी... तुला वास येत नाही, होय ना?"

 मिल्टने डोक्यावरची टोपी काढली, कुणी गेल्यावर काढतात तशी, थोडा वेळ ती हातात फिरवली आणि ट्रककडे गेला. दोन्ही चाकं मेजावरच राहिली. लेस्टर झाडू घेऊन मोरी धुवायला लागला. त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर रुडी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

"तुला कळलं होतं," तो म्हणाला. "साबण म्हणालीस तू. मीच उडवून लावलं. पण जोर धरायचास ना, व्हर्ना. माझं थोबाड फोडून सांगायचंस."

तो चूक स्वतःवर घेत होता. तिने गप्प राहायचं ठरवलं असतं तर तेही चाललं असतं. तिच्या आयुष्यातलं आणखी एक गिळणं झालं असतं. पण आता तिच्यात ते उरलं नव्हतं.

"मला कळलं नव्हतं. साबण हा शब्द लेस्टरचा. मला काहीच कळत नाही, रुडी. मला सगळं चीज असंच लागतं."

"असंच म्हणजे?"

"मोरीत पाहिलंस तसं."

त्याने खुर्ची मागे सरकवली. "केव्हापासून? मी पडल्यापासून?"

"पहिल्यापासून. तू कागदी पिशवी घेऊन आलास तेव्हापासून."

भिंतीवरचं घड्याळ, शेजारच्या अंगणात पाला ओढणाऱ्या दाताळ्याचा आवाज, सगळं नेहमीसारखं चालू होतं. रुडीने दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले.

"जूनचा पहिला तुकडा?"

"हो."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"मी मूर्खासारखा शीळ वाजवत फिरायचो," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि चढता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी बारमध्ये सांगितलं असतंस, तर मी काय केलं असतं माहीत आहे? हसलो असतो. पिशवी खिशात कोंबली असती आणि तुझ्यासाठी आणखी एक मासा मागवला असता. बस्स."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी ते काहीच नव्हतं. वर्षाने सांगितलं असतं तर थोडंसं काहीतरी झालं असतं. मग दहा वर्षं झाली, रुडी. मग ते सांगायचं कसं, तेच कळेना."

"आणि जानेवारीत? माझं सगळं तुझ्या हातात दिलं तेव्हा?"

 तू घाबरला होतास, असं तिच्या मनात आलं, पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

दोघांचंही गावाला कळायला दोन दिवस लागले. शेतकरी एकेक करून आले. सगळे सभ्यपणे, दाराबाहेर बूट झटकून. "मनावर घेऊ नकोस, रुडी. पोराबाळांचा विचार करावा लागतो." नवी नळी बसवणारा तर रडला. रुडीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चूक कुणाचीच नाही म्हणाला. मार्चमध्ये कढईखालची वाफ बंद झाली. लेस्टर नदीपलीकडे कामाला लागला. पणजोबांची तांब्याची कढई शिकागोच्या कुणा हॉटेलवाल्याने नेली, दर्शनी भागात फुलझाडं लावायला. ती ट्रकवर चढवताना रुडी हजर होता. दोर नीट बांधलाय का, एवढंच त्याने पाहिलं.

मग तो शाळेची बस चालवायला लागला.

मे महिन्यात चर्चच्या तळघरातल्या जेवणाला व्हर्ना एकटीच गेली. मेजावर प्रत्येकीने घरून करून आणलेली नेहमीचीच भांडी होती. फक्त एका भांड्यासमोर छोटी चिठ्ठी होती, गोल अक्षरात लिहिलेली: व्हर्नासाठी, चीज नाही. कुणी तरी मायेनेच ठेवली होती. व्हर्ना ती वाचत उभी होती तेव्हा आर्लीन नावाची, पोस्टात काम करणारी बाई तिच्या शेजारी आली आणि कोपराने तिला ढोसत म्हणाली, "अगं, मला आधी का नाही बोललीस? मीही चीज खात नाही. उलटी येते मला. आमचा डॉन म्हणतो, तुझ्या वाटणीचं मी खातो, तेवढंच लग्नाचं सुख!" आणि ती खळखळून हसली. "चाळीस वर्षं झाली. सगळ्या गावाला माहीत आहे."

व्हर्नाला ते माहीत नव्हतं. एकतीस वर्षं ती प्रत्येक पंगतीत आपल्याच ताटाकडे बघत जेवली होती, दुसऱ्या कुणाच्या ताटात काय उरतं ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने चिठ्ठीच्या भांड्यातलं दोन चमचे वाढून घेतलं, खाल्लं, आभार मानले आणि घरी आली. आर्लीनचं रुडीला सांगावं की नाही याचा तिने रस्ताभर विचार केला. सांगितलं नाही.

रुडी तिच्याशी वाईट वागला असं कुणी म्हणू शकलं नसतं. बागेचं गवत कापायचा, तिच्या गाडीचं तेल बदलायचा, रविवारी तिच्या शेजारी बसून पत्ते खेळायचा. फक्त तो आता तिला काही विचारत नसे. सूपमध्ये मीठ बरोबर आहे का, शर्टाला घामाचा वास येतोय का, कुठे काही जळतंय का. ज्याला नाक नाही त्याला दिवसातून दहा वेळा विचारावं लागतं त्यातलं काहीच नाही. शर्ट तो रोज धुवायला टाकायचा आणि सूपमध्ये न चाखताच मीठ घालायचा.

जूनमधल्या एका सकाळी ती स्वयंपाकघरात शिरली तेव्हा तो फ्रिजपाशी उभा राहून दूध पीत होता. तिला दारातच वास आला. या वेळी शंकाच नव्हती.

"रुडी, ते दूध नासलंय."

त्याने ग्लास खाली घेतला. आधी ग्लासकडे पाहिलं, मग तिच्याकडे. जणू खिडकीतून रस्त्यावरचं कुणी दिसावं तसं पाहिलं.

"तुला सगळंच नासलेलं लागतं," तो म्हणाला.

आणि उरलेलं दूध त्याने सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं, ग्लास विसळून उपडा ठेवला, बसच्या किल्ल्या घेतल्या आणि गेला.

चार वाजता परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि शर्टाचा पुढचा भाग ओला होता, कुठे तरी नळाखाली धरून धुतल्यासारखा.  तिने चहा ठेवला, बशीत चार खारी बिस्किटं काढली आणि त्याच्यासमोर सरकवली. त्याने एकेक करून ती खाल्ली. ती समोर बसून पाहत राहिली.